मान कुणाच्या हाती देऊ नका

आमच्या भागातल्या सलूनमध्ये दाढीनंतर मालिश आणि मालिशनंतर मान मोडणं ठरलेलंच. हनुवटीला एक हात, डोक्यामागे दुसरा, आणि काही कळायच्या आत झटका. त्या दिवशी माझी मान आधीच आखडली होती. झटका बसला तशी खांद्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ उठली. संध्याकाळी अंगठ्यात मुंग्या होत्या आणि शर्टाचं बटण लावताना बोटं साथ देईनात. एमआरआयमध्ये दिसलं की मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे. ऑपरेशन टळलं, पण हातात पूर्वीचा जोर यायला बरेच महिने गेले.

त्या काळात फिजिओथेरपिस्ट बाईंनी मानेची रचना नीट समजावून सांगितली. ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. वरचा मोठा स्नायू ट्रॅपेझियस. तो कवटीच्या मागच्या भागापासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला असतो. त्याच्याखाली लेव्हेटर स्कॅप्युली, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या कोपऱ्यापर्यंत. मान आखडते तेव्हा बरेचदा हाच दुखतो. आणि समोरून, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून लाँगस कोलाय. मान सरळ धरायचं काम याचं. मोबाइलवर तासन्‌तास मान खाली राहिली की हा दुबळा पडतो आणि साधारण 5 किलोचं डोकं पेलायचा भार मागच्या स्नायूंवर येतो. दुखऱ्या भागाला सांभाळण्यासाठीच ते आवळून बसतात. अशा वेळी झटका देणं म्हणजे ते संरक्षण मोडून काढणं.

कडकड आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. शिवाय मानेच्या 7 मणक्यांपैकी वरच्या सहांच्या कडेच्या छिद्रांतून मेंदूकडे रक्तवाहिनी जाते. झटक्याने तिचं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण धडधाकट तरुणांनाही घडलेलं आहे.

म्हणून खुर्चीत बसतानाच सांगा, ‘दादा, मानेला हात लावू नका.’ आखडलेली मान शेकावी, सोसेल तेवढी हळूहळू हलवत राहावी. बहुतेक वेळा ती काही दिवसांत मोकळी होते. दुखणं ओसरलं की ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच अंक मोजावेत, सोडावी. लाँगस कोलाय यानेच बळकट होतो. कळ हातात उतरत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि झटक्यानंतर चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली किंवा चालताना तोल गेला, तर बाम चोळत घरी थांबू नका. त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा आणि मानेला झटका बसला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.