विंडोज १० चे अपडेट थांबले: जुना संगणक बदलायचा की नुसती सिस्टिम बदलायची?

१ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला, जाळी अंगणात, इंजिन मेस्त्रीकडे. या दोन महिन्यांत होडीची डागडुजी आपण न चुकता करतो. यंदा त्यासोबत घरातला संगणकही एकदा उघडून बघा, असं आमचं सांगणं आहे.

पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असेल तर त्यात बहुतेक विंडोज १० असणार. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. मशीन पूर्वीसारखंच चालतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही. पण फळीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं तरी होडी पहिल्या दिवशी बुडत नाही. सिस्टिममध्ये नवी फट सापडली की ती बुजवणारा आता कोणी नाही, आणि त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. अँटीव्हायरस असला तरी तो फट बुजवत नाही, आत शिरणाऱ्याला पकडायचा प्रयत्न करतो एवढंच.

मग दुकानदार म्हणतो, नवीन लॅपटॉप घ्या. बंदीत उत्पन्न शून्य असताना हा खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. जुनं झालंय ते सॉफ्टवेअर, मशीन नव्हे. आणि सॉफ्टवेअर बदलता येतं.

आधी एक कागद घ्या आणि संगणकावर तुम्ही खरोखर काय काय करता ते लिहा. बोटीचं लायसन रिॲलक्राफ्टवर, एनएफडीपीवरची नोंदणी, नेटबँकिंग, हवामान खातं, इन्कॉइसचा मासळीच्या जागांचा आणि लाटांचा अंदाज, मुलांचा अभ्यास, व्हॉट्सॲप वेब. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझरला खाली कुठली सिस्टिम आहे याचं फारसं देणंघेणं नसतं. म्हणजे यादीतली बहुतेक कामं कुठेही होतील. उरलेल्या दोन-तीन कामांवर तुमचा निर्णय ठरतो.

ती कामं कुठली? पहिलं टॅली. हिशेबनीस ते वापरत असेल तर मुकाट्याने विंडोजवर राहा. टॅली विंडोजसाठीच बनतं. दुसरं डिजिटल सहीचं टोकन, ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं. काही टोकनांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सिस्टिमवर मिळतं, पण बसवताना डोकं फिरतं. ज्याच्याकडून टोकन घेतलं त्याला आधी विचारा. तिसरं, जुनी मराठी पत्रं. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले अर्ज आणि ठराव दुसरीकडे उघडले की अक्षरांची खिचडी दिसते. अशा कागदांची आताच पीडीएफ करून ठेवा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र सगळीकडे सारखंच दिसतं.

चौथं काम तांडेलांसाठी. जीपीएसमधले पॉइंट, म्हणजे मासळीच्या जागा आणि जिथे जाळं फाटतं ते खडक, काही जण संगणकावर उतरवून ठेवतात. गार्मिनचं बेसकॅम्प विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्ससाठी ते नाही. पण पॉइंट जीपीएक्स फाइलमध्ये काढले की ती फाइल कुठल्याही सिस्टिमवर जपून ठेवता येते. संगणकाचं काहीही ठरवा, ही फाइल आजच काढा. वडिलांच्या काळापासून जमवलेल्या जागा दुकानात विकत मिळत नाहीत.

आता सिस्टिमकडे वळू.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. इंटेल प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवलं की तुमचं मशीन बसतं की नाही ते कळतं. ‘नाही’ आलं तरी लगेच हार मानू नका. कित्येकदा चिप असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, आणि ती चालू करणं पाच मिनिटांचं काम आहे. मशीन बसलं आणि विंडोज १० अस्सल असेल तर ११ फुकट मिळतं. ४ जीबीवर मात्र ते रडत चालतं. निदान ८ जीबी रॅम करा आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. वेगात सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडतो.

मशीन बसत नाही पण टॅली सोडता येत नाही, अशांसाठी विंडोज १० ची वाढीव मुदत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. पुढचा मोसम सुरू होईपर्यंत श्वास घ्यायला ही सोय बरी, कायमची नव्हे.

यादीत टॅली नाही आणि टोकनही नाही? मग लिनक्सचा विचार जरूर करा. नाव ऐकून घाबरू नका, हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. आमची पसंती लिनक्स मिंटला. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज वापरलेल्या माणसाला तासाभरात हात बसतो. ४ जीबी रॅमवर नीट चालतं. पत्रं आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस आतच असतं. पैसे नाहीत, लायसन नाही, चोरीची कॉपी नाही. दुकानात दोनशे रुपयांत ‘ॲक्टिव्हेट’ करून देतात त्या विंडोजबरोबर कधी काय आत येतं ते देवच जाणे, त्यापेक्षा हे शंभर पट बरं. सी-डॅकने बनवलेलं बॉस हे भारतीय लिनक्सही आहे, पण घरच्या वापरासाठी नवख्याला मिंट सोपं पडतं.

त्रासही सांगतो. मिंटमध्ये मराठी कळफलक थोडी खटपट करून चालू करावा लागतो. काही प्रिंटर लगेच चालतात, काही अजिबात दाद देत नाहीत. एक्सेलमधला गुंतागुंतीचा तक्ता लिबरऑफिसमध्ये थोडा हलतो. आणि व्हॉट्सॲपवर आलेली खोटी लिंक दाबून ओटीपी दिलात तर कुठलीच सिस्टिम वाचवत नाही.

क्रोम ओएस फ्लेक्स हे गूगलचं, तेही फुकट. मुलांच्या अभ्यासाला आणि नुसत्या ब्राउझरला उत्तम. पण इंटरनेट गेलं की ते जवळजवळ थांबतं, आणि फोनवरची ॲप त्यात चालत नाहीत. जेटीवरची रेंज बघता आम्ही ते घरापुरतंच ठेवू. मॅक चांगलं आहे यात वाद नाही, पण ते ॲपलच्याच मशीनवर चालतं, म्हणजे जुना संगणक वाचवायच्या कामाचं नाही.

मिंटची एक सोय फार मोलाची. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन काहीही न पुसता ते चालवून बघता येतं. वाय-फाय लागतो का, प्रिंट निघते का, बँकेची साइट उघडते का, हे दोन दिवस तपासा. पसंत नसेल तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. पसंत पडलं तर बसवण्याआधी लायसन, विमा, फोटो, टॅलीचा जुना डेटा, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. आणि कॉपी झाली म्हणून थांबू नका, दुसऱ्या संगणकावर त्या फाइली उघडून बघा.

कोणाला बघून हवं असेल तर बंदी असेपर्यंत सोसायटीच्या कार्यालयात मशीन घेऊन या. चार्जर, पेनड्राइव्ह आणि कामांची ती यादी सोबत असू द्या. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तुमचे तुम्हीच टाका.