गाडी कोणाची आणि चालवतो कोण?
(द्वितीय वर्ष कला)

समाजशास्त्राच्या तासाला ‘सामाजिक दर्जा’ हा विषय चालू असताना आमचे सर म्हणाले होते की, दर्जा माणसाच्या अंगावर लिहिलेला नसतो, तो समोरच्याच्या वागण्यात दिसतो. या विधानाचा पडताळा घ्यायला फार दूर जायला नको. लालबागला भारतमाताच्या सिग्नलजवळ संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. बेस्टच्या बसगाड्या, टॅक्सी, हातगाड्या, स्कूटर यांच्या गर्दीत एखादी बुटकी, रुंद, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्स कार येऊन थांबते आणि आजूबाजूच्या माणसांची वागणूक पाहता पाहता बदलते.

दुचाकीवरची मुले मोबाईल काढतात, शाळकरी पोरे काचेला नाक लावून आत डोकावतात. टॅक्सीवाला मात्र दोन हात अंतर राखतो. कारण त्या गाडीवर ओरखडा उठला तर भरपाईपायी त्याची टॅक्सी विकायची पाळी येईल. आणि गर्दीतून कोणीतरी “बापाचा पैसा!” असा शेरा मारतोच. गंमत अशी की, पुष्कळदा फोटो काढणारा आणि शेरा मारणारा माणूस एकच असतो. (ताशी तीनशे किलोमीटर धावणारी ही गाडी आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकावरून पोट घासत बैलगाडीच्या चालीने जाते, ही गोष्ट वेगळी.)

असाच अनुभव परदेशातही आला आहे. १९६८ साली डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा चालक हॉर्न केव्हा वाजवतो ते पाहायचे, असा तो साधा प्रयोग होता. पुढे जुनाट गाडी असताना शंभरापैकी ८४ जणांनी हॉर्न वाजवला. किमती गाडी असताना केवळ ५० जणांनी. याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. तुम्ही काय कराल, असे विद्यार्थ्यांना कागदावर विचारले, तेव्हा मुलांनी उलटच लिहिले. किमती गाडीवर आपण लवकर हॉर्न वाजवू, असे त्यांचे म्हणणे पडले. श्रीमंताला सुनावण्याची इच्छा कागदावर असते, हात मात्र हॉर्नवर जात नाही.

गाडीतला माणूस आपला वाटला, तर हेवासुद्धा वाटत नाही. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. २००२ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. पुढे या गाडीवरील आयातशुल्क माफ करण्यावरून गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. परंतु टीका झाली ती सवलतीवर. दादरच्या शिवाजी पार्कात घडलेल्या या खेळाडूला फेरारी शोभत नाही, असे आमच्या चाळीत तरी कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. माझे वडील पगारी ड्रायव्हर आहेत. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि वडिलांनी वयात आल्यावर परवाना काढला. गेली वीस वर्षे ते मलबार हिलवरील एकाच कुटुंबाकडे आहेत. त्या घरी मोठ्या मुलाची स्पोर्ट्स कार आहे. ती तो स्वतःच चालवतो. वडिलांच्या हाती ती येते केवळ सर्व्हिसिंगला न्यायची असेल तेव्हा. तेव्हाही ते पांढरा गणवेश घालूनच निघतात. मी कारण विचारले, तर म्हणाले, “गणवेश असला की कोणी काही विचारत नाही.” एका रविवारी ते साध्या शर्टात गेले होते. एका चौकात त्यांना थांबवून “गाडी कोणाची? चावी तुझ्याकडे कशी?” अशी चौकशी झाली आणि शेठचा फोन येईपर्यंत तासभर उभे राहावे लागले. त्याच चौकातून धाकटे शेठ जातात तेव्हा हात कपाळाकडे जातो, हेही वडिलांनी मागच्या सीटवरून नव्हे, फुटपाथवरून पाहिलेले आहे.

यात हवालदाराला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. उन्हात आठ तास उभ्या असलेल्या माणसाला आत कोण बसले आहे आणि त्याचा फोन कुठपर्यंत पोहोचतो, याचा अंदाज दोन क्षणांत करावा लागतो. कॅमेरा असा अंदाज करीत नाही. मुंबईत २०१६ पासून ई-चलन आले. कॅमेरा सलाम ठोकत नाही आणि अरेतुरेही करीत नाही. पण त्याला दिसतो तो गाडीचा नंबर. दंडाची सूचना जाते नोंदणीकृत मालकाकडे. गाडी कोण चालवत होता हे पोलिसांनी विचारल्यास मालकाने सांगावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३३ म्हणते. म्हणजे चालक कोण, याचे उत्तर मालकाच्या तोंडी आहे. दंडापुरते हे ठीक. माणूस दगावला म्हणजे हेच उत्तर फार महाग होते.

८ डिसेंबर २०१३ च्या मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीजवळच्या पेडर रोडवर एका अ‍ॅस्टन मार्टिनने इतर गाड्यांना धडक दिली. सुदैवाने कोणी दगावले नाही. गाडी एका कंपनीच्या नावावर होती. ती तिथेच टाकून चालवणारी व्यक्ती दुसऱ्या वाहनातून निघून गेली आणि नंतर एक पंचावन्न वर्षांचा पगारी ड्रायव्हर गावदेवी पोलिस ठाण्यात हजर झाला : गाडी मीच चालवत होतो. धडक बसलेल्या गाडीतील तरुणीने आधी तरुण चालक पाहिल्याचे सांगितले होते. पुढे तिने याच ड्रायव्हरला ओळखले.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना ठार केले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. (आमच्या महाविद्यालयाच्या निबंध स्पर्धेची शब्दमर्यादा याहून मोठी आहे.) गदारोळ झाल्यावर दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आणि घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवून गुन्हा अंगावर घ्यायला सांगितल्याचा आरोप मुलाच्या वडिलांवर आणि आजोबांवर ठेवण्यात आला. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच ७ जुलैच्या पहाटे वरळीला बीएमडब्ल्यूने स्कूटरवरील कोळी दांपत्याला उडवले. ससून डॉकवरून मासळी घेऊन परतणाऱ्या त्या बाईंचा जीव गेला. ती स्पोर्ट्स कार नव्हती, पण पोलिसांच्या आरोपात तीच गोष्ट आहे : जागा बदलली आणि ड्रायव्हरने पुढे व्हावे असे ठरले.

सिग्नलवर जो मान मिळतो तो गाडीला आणि मालकाला मिळून. शेठच्या मुलाला ड्रायव्हर समजण्याची चूक कोणी करीत नाही. पोलिस ठाण्यात मात्र ड्रायव्हर हा एकाएकी गाडीचा खरा चालक ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना जातो तो निराळाच, आणि परवाना हीच ज्याची शेतीवाडी त्याच्या घरात मग काय शिजणार?

पुण्याची बातमी आली त्या रात्री आईने विचारले, “अहो, उद्या तुम्हाला असं सांगितलं तर?” वडील म्हणाले, “वीस वर्षं त्यांचं मीठ खातोय.” आणि वर्तमानपत्राची घडी घालू लागले. हे ‘नाही’ होते की ‘हो’, ते आम्हाला कळले नाही. आईने पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक शंभर पानी वही मागवून घेतली. तीत चावी दिल्याची वेळ, चावी परत मिळाल्याची वेळ, मीटरवरचा आकडा आणि वॉचमनची सही असे चार रकाने आहेत. रकाने मी आखून दिले. शेठना त्यांनी पेट्रोलचा हिशेब ठेवतो म्हणून सांगितले आहे. पहिली वही भरली. दुसरी गेल्या महिन्यात लालबागच्या बाजारातून आणली.