यथामूल प्रतिकृती आणि मराठी पाठचिकित्सा

एखादी पोथी ‘प्रसिद्ध झाली’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः प्रसिद्ध होते ती पोथी नव्हे, तर संपादकाने त्या पोथीतून वाचलेली आणि आपल्या काळाच्या मुद्रणव्यवस्थेत बसवलेली संहिता. वाचकाच्या हाती जे पुस्तक येते त्यातील पदच्छेद, विरामचिन्हे, ऱ्हस्वदीर्घ आणि पुष्कळदा अनुस्वारही संपादकाचे असतात. ते योग्य आहेत की नाहीत हे ठरविण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे मूळ पानाकडे परत जाणे. मूळ पान सर्वांना पाहता येत नाही, म्हणून त्याची यथामूल प्रतिकृती करावयाची. इंग्रजीत जिला फॅक्सिमिली म्हणतात ती ही. मराठी प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासात अशा प्रतिकृतीला आजवर शोभेचे स्थान मिळाले आहे. प्रस्तावनेसमोर एक चकचकीत छायाचित्र द्यावयाचे, त्याखाली ‘पोथीचे एक पान’ असे छापावयाचे आणि पुढे त्या पानाचा उल्लेखही करावयाचा नाही, अशी आपली रीत आहे. ही रीत पाठचिकित्सेला महाग पडली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम संपादक पानावर नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे. जुन्या देवनागरी पोथ्यांत लेखन बहुधा सलग असते; शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते. अनुस्वार देण्याची पद्धत लेखनिकागणिक बदलते. अशा वेळी ‘तरीपाहे’ ही चार अक्षरे समोर आली, तर ती ‘तरी पाहे’ अशी तोडावी की ‘तरी पां हे’ अशी, हे संपादकाला ठरवावे लागते. पहिल्या वाचनात क्रियापद निघते, दुसऱ्यात संबोधनवाचक अव्यय आणि दर्शक सर्वनाम. ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहिण्याची चाल अनेक पोथ्यांत आढळते. छापताना तिथे ‘ख’ केला की वाचकाची सोय होते, परंतु लेखनिकाच्या सवयीचा एक पुरावा नाहीसा होतो. मोडी लेखनात तर प्रश्न याहून बिकट आहे. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. त्यामुळे मोडी कागद देवनागरीत उतरविणारा प्रत्येक जण मुळात नसलेला निर्णय प्रत्येक ओळीत घेत असतो. अशा छापील संहितेवरून त्या काळच्या ऱ्हस्वदीर्घाविषयी अनुमाने काढणारे प्रबंध आपल्या पाहण्यात येतात, आणि त्या विद्यार्थ्यांना दोष देणेही कठीण वाटते, कारण त्यांच्यासमोर दुसरे साधन कोणीच ठेवलेले नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील शिळाछाप पोथ्या दिसावयास हस्तलिखितासारख्या असतात: आडवी पाने, हाताच्या वळणाचे अक्षर, समासातील पत्रांक. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि पुढे ही पद्धत मराठी ग्रंथांसाठी रूढ झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४५ साली सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीही शिळाछापच होती. परंतु शिळाछाप पोथी ही कोणत्याही जुन्या पोथीची प्रतिकृती नव्हे. छापखान्यातील लेखनिकाने तो मजकूर नव्याने लिहून काढलेला असतो आणि ते अक्षर त्याचे असते. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ताम्रपटांवर कोरून छापलेली भगवद्गीता हीदेखील याच जातीची. तिचे मुद्रणेतिहासातील महत्त्व अ. का. प्रियोळकरांनी विशद केले आहे. तिला यथामूल प्रतिकृती म्हणता येणार नाही. हाताचे वळण दिसणे आणि ते मूळ हाताचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडे कोरीव लेखांच्या बाबतीत ही जाणीव फार पूर्वी आली, हे विशेष. शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९चा, म्हणजे इ.स. १०१७चा, ताम्रपट १७८७ साली ठाण्यास सापडला आणि त्याचा अनुवाद ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात आला. त्या काळी अनुवादावरही काम भागत असे. १८७२ साली सुरू झालेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’ने मात्र लेखाचे वाचन आणि ठशाची प्रतिकृती शेजारी शेजारी देण्याचा परिपाठ घातला. ठसा न देता कोणी ताम्रपटाचे वाचन प्रसिद्ध केले, तर त्यावर वाद घालावयासही तज्ज्ञ तयार होत नाहीत. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथामागे हीच शिस्त आहे. दगड आणि तांबे यांना लावलेली ही शिस्त कागदाला मात्र आपण लावली नाही. कदाचित पोथ्या विपुल आहेत, एक गेली तर दुसरी मिळेल, अशी काही समजूत त्यामागे असावी.

या समजुतीचे फळ ज्ञानेश्वरीच्या अभ्यासात दिसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. त्यापूर्वीची संहिता मिळविणे हे साहजिकच संशोधकांचे स्वप्न होते. वि. का. राजवाडे यांना बीडकडील एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे मानून त्यांनी १९०९ साली तिची संहिता प्रसिद्ध केली, आणि तिच्याच आधारे ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ हा युगप्रवर्तक म्हणावा असा ग्रंथ लिहिला. पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढे शंका घेण्यात आल्या. शंका घेणारे आणि प्रत ग्राह्य मानणारे अशा दोन्ही पक्षांत विद्वान होते. परंतु ज्या वस्तूविषयी वाद होता ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. अक्षराचे वळण, कागद, समासातील दुरुस्त्या, पुष्पिकेचा हात आणि मजकुराचा हात एकच आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर छापील पुस्तकातून मिळणे शक्य नाही. राजवाड्यांच्या प्रामाणिकपणावर येथे शंका घ्यावयाची नाही. त्यांच्यासारखा कागदावर जीव टाकणारा संशोधक विरळा. तथापि त्या पोथीच्या निदान पन्नास पानांचे ठसे त्या वेळी निघाले असते, तर मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया इतकी वर्षे एका व्यक्तीच्या साक्षीवर उभा राहिला नसता.

तुकोबांच्या संदर्भातील हकीकत अधिक अस्वस्थ करणारी आहे. देहूच्या मंदिरात तुकोबांच्या हातची म्हणून पूज्य मानलेली वही आहे. दिलीप चित्रे यांनी आपल्या ‘सेज तुका’ या १९९१ सालच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत तिच्याविषयी जे लिहिले आहे ते प्रत्येक मराठी अध्यापकाने वाचावे असे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या वहीत सुमारे सातशे अभंग असल्याची नोंद होती. त्यांच्या पाहण्यात आली तेव्हा सुमारे अडीचशेच उरले होते. तिची एक नक्कल पंढरपुरास असल्याचेही ते सांगतात. वहीची ही हानी कालमानाने झालेली नसून वही अभ्यासासाठी नेणाऱ्यांच्या हातून झाली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तो तर्क क्षणभर बाजूला ठेवला, तरी साडेचारशे अभंगांची पाने गेली ही वस्तुस्थिती उरते. नक्कल राहिली म्हणून शब्द वाचले असे म्हणता येईल. पण ती वही तुकोबांच्या हातची आहे काय, हा जो खरा प्रश्न, त्याचा पुरावा अक्षरात होता आणि नकलेला अक्षर नसते. ज्यांनी आरंभी ते सातशे अभंग मोजले त्यांनी ती पाने काचेखाली ठेवून त्यांची छायाचित्रे घेतली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या पार्श्वभूमीवर ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांचे कार्य निराळे उठून दिसते. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत, १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालयही त्यांच्याच पुढाकाराचे. १८६९ साली सरकारी साहाय्याने निघालेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा अनेक ठिकाणच्या पोथ्या जमवून सिद्ध झाली होती. तिच्यात वाचकाला मिळते ती अनेक प्रतींतून निवडलेली संहिता. भाव्यांनी याच्या उलट वाट धरली. संताजी तेली जगनाडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांतील अभंग त्यांनी १९१९ आणि १९२० साली दोन भागांत, मुळातील लेखनपद्धती राखून छापले. आजच्या वाचकाला ते लेखन ओबडधोबड वाटते. भाव्यांच्या समकालीनांनाही वाटले असेल. परंतु लेखनिकाने जे लिहिले ते सुधारण्याचा अधिकार आपला नव्हे, ही भूमिका त्यात आहे. खिळ्यांच्या साहाय्याने प्रतिकृतीच्या जितके जवळ जाता येईल तितके जाण्याचा हा यत्न होता. त्याची मर्यादाही तेथेच आहे. खिळा प्रत्येक ‘अ’ सारखाच छापतो. खोडलेले, वर लिहिलेले, दुसऱ्या शाईने घातलेले अक्षर तो दाखवू शकत नाही. भाव्यांच्या गाथेवर विश्वास ठेवता येतो, पण तिची तपासणी तिच्याच पानांवरून करता येत नाही.

तपासणी करता येईल असे काम कसे असते, याचे उदाहरण गोमंतकाच्या संदर्भात मिळते. फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ १६२२ साली राशोल येथे रोमन लिपीत छापली गेली. मारियानु साल्दान्य यांनी १९४५ साली लिस्बनहून तिची यथामूल प्रतिकृती काढली. मूर्धन्य वर्णांसाठी अक्षर दुहेरी करणे यांसारख्या स्टीफन्सच्या रोमन लेखनातील युक्त्या त्यामुळे कोणालाही स्वतः पडताळता येतात. संपादकाचे म्हणणे मान्य नसेल तर त्याच्याच पुस्तकातील पुराव्याने खोडता येते. याउलट त्याच लेखकाच्या ‘क्रिस्तपुराणा’ची स्थिती पाहावी. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ सालची मंगळूरची आवृत्ती नंतरच्या हस्तलिखितांवरून रोमन लिपीत सिद्ध झाली, आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ची देवनागरी आवृत्ती तिच्यावर आधारलेली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे. ते मूळ पाठ की रोमनवरून झालेले लिप्यंतर, हा वाद जस्टिन अ‍ॅबट यांच्यापासून चालत आला आहे. हा वाद शब्दांच्या याद्यांवर मिटणारा नाही. त्यासाठी पाने समोर हवीत.

अर्थात प्रतिकृतीदेखील खोटे सांगू शकते, आणि ती खरी भासत असल्याने तिचे खोटे अधिक घातक ठरते. आपल्या लेखनिकांनी चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासली आणि तिच्यावर दुरुस्ती लिहिली. पिवळी हरताळ काळ्यापांढऱ्या ऑफसेट छपाईत एक तर अदृश्य होते, नाही तर डाग होऊन बसते. हिंगुळाने लाल केलेले अध्यायसमाप्तीचे शब्द आणि दंड काळ्या शाईत मिसळून जातात. पान ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून प्रकाशक डाग पुसतो आणि त्याबरोबर एखादा अनुस्वारही पुसतो. समास कापला की गळलेले अक्षर दाखविणारे काकपद राहते, पण समासात लिहिलेले ते अक्षर जाते. कोरी पाने गाळली की बांधणीचा क्रम कळत नाही. कागद जुन्नरी की दौलताबादी की जलचिन्ह असलेला विलायती, हे तर चित्रात येतच नाही. म्हणून प्रतिकृतीसोबत पत्रसंख्या, पानाचे माप, शाईचे रंग, गहाळ पत्रे आणि केलेल्या फेरफारांची नोंद नसेल, तर तिला साधन म्हणू नये. संगणकावरील रंगीत प्रतिमांनाही हा नियम तितकाच लागू आहे. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपि मिशनची स्थापना झाल्यापासून अशा प्रतिमांची संख्या वाढली, पण मापपट्टी नसलेली, पहिले-शेवटचे पत्र गाळलेली चित्रे आजही आढळतात.

छापील ग्रंथांच्या पुनर्मुद्रणातही हा विवेक हवा. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशाचे पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली केलेले पुनर्मुद्रण आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर असते. त्याच्या मुखपृष्ठामागेच ते ‘दुरुस्त पुनर्मुद्रण’ असल्याचे म्हटले आहे. तरीही आपण सर्रास ‘मोल्सवर्थ, १८५७’ असा हवाला देतो. हाती जी प्रत आहे तिचेच साल द्यावे, ही किमान शिस्त आहे. ‘दर्पण’च्या ६ जानेवारी १८३२च्या पहिल्या अंकाचे पान मात्र प्रतिकृतीचे मोल एका दृष्टिक्षेपात पटवते. इंग्रजी आणि मराठी असे शेजारी शेजारी दोन स्तंभ तेथे दिसतात. जांभेकरांचे लेख संकलनात वाचणाऱ्याला त्यांचे गद्य सदैव दुसऱ्या भाषेच्या खांद्याला खांदा लावून उभे होते हे जाणवतच नाही, आणि मग त्यांच्या वाक्यरचनेविषयीची आपली मतेही एकांगी होतात.

हा प्रश्न अखेर कोणाला काय वाचावयास मिळते याचा आहे. भातसेच्या काठी खडवलीला राहून कल्याण किंवा ठाण्याच्या महाविद्यालयात एम.ए. करणारी विद्यार्थिनी लोकलने तासाभरात भाव्यांच्या ग्रंथसंग्रहालयापर्यंत पोहोचू शकते. लंडनच्या मार्सडेन संग्रहापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि देहूची वही हाताळावयास मागणे तिनेही आता उचित मानू नये. तिच्यापर्यंत जाऊ शकते ती प्रतिकृतीच. ती गेली तर काय होते, हे वर्गात सहज पाहता येते. विद्यार्थ्यांना कोणत्याही पोथीच्या एका पानाची रंगीत प्रतिकृती द्यावी, छापील संहिता देऊ नये. प्रत्येकाने ते पान मुळाबरहुकूम, पदच्छेद न करता, ओळीला ओळ उतरवावे. नंतर वेगळ्या कागदावर शब्द तोडावेत, आणि तिसऱ्या दिवशी मुद्रित आवृत्ती उघडावी. पंधरा जणांच्या वर्गात एकाच ओवीचे तीन-चार पदच्छेद निघतात, आणि त्यांतला एखादा छापील पुस्तकाहून सरस असतो. तो का सरस, हे विद्यार्थ्याने पानावर बोट ठेवून दाखवावयाचे.