नॉर्वेच्या बोटीला महिना कोणता?

मी बर्गनला राहते. पुण्या-मुंबईहून नातलगांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं थंडी कमी कधी असते गं?" बर्गनहून निघून पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या बोटीचा प्रवास त्यांना करायचा असतो. १८९३ साली कॅप्टन रिचर्ड विथ यांनी ही सेवा सुरू केली ती टपाल, माल आणि माणसं उत्तरेला पोचवण्यासाठी. आजही ती बाराही महिने चालते. ३४ बंदरं आणि जाऊन-येऊन १२ दिवस. हा किनारा मी वेगवेगळ्या ऋतूंत पाहिला आहे, पाहुण्यांना सोबत घेऊनही पाहिला आहे, आणि माझं मत पक्कं झालं आहे की महिना थंडीवरून ठरवू नये, उजेडावरून ठरवावा.

१. मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स एका फेरीत मिळत नाहीत.
हे आधी सांगावं लागतं, कारण माहितीपत्रकात दोन्ही फोटो शेजारी-शेजारी छापलेले असतात. नॉर्दर्न लाइट्स उन्हाळ्यातही आकाशात असतात, पण दिसायला काळोख हवा. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, त्याहून उत्तरेच्या नॉर्डकॅप या टोकाला १४ मे ते २९ जुलै. नंतरही बरेच दिवस रात्र नुसती करडी राहते. तेव्हा एक तर मेअखेर ते जुलै, नाही तर सप्टेंबरअखेर ते मार्च. दोन्हींच्या मोहानं ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरला तर सूर्यही जातो आणि लाइट्सही.

२. थंडीची भीती आकड्यांशी ताडून बघा.
ट्रॉम्सो आर्क्टिक वर्तुळाच्या जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे, तरी तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंशच असतं. लेह त्याहून गार असतं. किनाऱ्यालगतचा उबदार समुद्रप्रवाह इथली बंदरं गोठू देत नाही. त्रास होतो तो डेकवरच्या वाऱ्याचा, आणि त्याहून जास्त बंदरातल्या निसरड्या रस्त्यांचा. बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठलं की फुटपाथ काचेसारखा होतो. साठीच्या पुढच्या पाहुण्यांना मी जाड कोटाआधी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्यायला लावते. ते इथं साध्या दुकानात मिळतात.

३. नॉर्दर्न लाइट्ससाठी येणार असाल तर मार्च.
बहुतेक जण डिसेंबर म्हणतात, कारण रात्र सर्वांत मोठी. पण डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. २७ नोव्हेंबरच्या सुमारास तो जातो तो जानेवारीच्या मध्यालाच परत दिसतो. एवढा लांब किनारा पालथा घालायचा आणि डोंगर बघायला दुपारचे दोन-तीन तास संधिप्रकाश, हे मला पटत नाही. सूर्य परतल्यावर मात्र दिवस रोज दहा-अकरा मिनिटांनी वाढतो आणि मार्चच्या विषुवदिनाला दिवस-रात्र सारखे होतात. दिवसा पांढरेशुभ्र डोंगर उन्हात बघा, रात्री पुरेसा काळोख. शिवाय दोन्ही विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या हालचाली सरासरीनं जास्त असतात, म्हणजे लाइट्सची शक्यताही वाढते. ढग आले तर इलाज नाही. पण पूर्ण फेरीत वर्तुळाच्या वर पाच-सहा रात्री मिळतात आणि बोट सतत पुढं सरकत असल्यानं आभाळही बदलत राहतं.

मार्चचं दुसरं कारण कॉड मासा. जानेवारी ते एप्रिल हा मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनच्या बेटांशी येतो. बेटांवरचा सगळा व्यवहार या महिन्यांभोवती फिरतो. एका मार्चमध्ये माझ्या अलिबागच्या आत्याला घेऊन मी स्वोल्वेरला बोटीतून उतरले आणि तिथंच मुक्काम केला. लाकडी मांडवांवर शेपटीला शेपटी बांधून लटकवलेले मासे बघून ती थबकली. "अगं, हे तर आपल्या बोंबलासारखंच!" म्हणाली आणि तिथल्या एका बाईला खुणांनी विचारत बसली, मीठ किती लावता. मीठ लावतच नाहीत. शून्याच्या आसपासची हवा लागते. फार गोठलं तर मांस बिघडतं, ऊब आली तर माश्या धरतात. म्हणूनच हे काम त्याच किनाऱ्यावर आणि त्याच महिन्यांत होतं. डोकी वेगळी वाळवून नायजेरियाला जातात. या माशानं शेकडो वर्षं उत्तरेची घरं चालवली. तो वाळताना न बघता कुणी लोफोटेन पाहून गेलं की मला हळहळ वाटते.

४. मुलांना घेऊन यायचं तर मेचा शेवटचा आठवडा, जूनचा पहिला.
आपली शाळेची सुट्टी आणि इथला सर्वांत देखणा काळ नेमके जुळतात. खाली फळबागा फुललेल्या, वर बर्फ, आणि ते बर्फ वितळत असल्यामुळं धबधबे भरलेले. बर्गनला वर्षाचा पाऊस जवळपास मुंबईएवढा पडतो, पण बारा महिन्यांत वाटून. त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल ते जून. शक्य असेल तर १७ मेला बर्गनमध्ये असा. १८१४ च्या राज्यघटनेचा तो दिवस. मिरवणूक लहान मुलांची असते आणि मोठी माणसं पारंपरिक पोशाखात रस्त्याकडेला उभी राहतात. मात्र शेंगेन व्हिसाला मार्च-एप्रिलमध्ये झुंबड असते. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, तो लवकर करावा.

५. जुलै.
गर्दी आणि महागाई दोन्ही जास्त. गैरांगेर फ्योर्डमध्ये ही बोट फक्त उन्हाळ्यातच शिरते, तो ज्यांना हवाच त्यांनी जूनमध्ये उरकावा. नॉर्डकॅपजवळच्या बेटांवरचे पफिन पक्षीही ऑगस्ट लागता लागता समुद्रावर निघून जातात.

६. शरद ऋतू धाडसी माणसांचा.
सप्टेंबरच्या मध्यावर पार उत्तरेच्या फिनमार्कचं माळरान लाल-पिवळं होतं, रात्री काळ्या होऊ लागतात आणि बोटीत जागा असते. पण वादळांचाही हाच आरंभ. मार्ग बहुतांशी बेटांच्या आडोशानं जातो, पण स्तादचं टोक, हुस्तादविका, वेस्टफ्योर्ड असे काही पट्टे उघड्या समुद्राचे आहेत. हुस्तादविकातच २३ मार्च २०१९ ला ‘वायकिंग स्काय’ या क्रूझ जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली आणि १,३७३ जणांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. म्हणजे मार्चही निर्धोक नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी ऑक्टोबर ते मार्च टाळावं. कॅप्टननं हवामानामुळं एखादं बंदर गाळलं तर त्याच्यावर रुसू नये.

७. अर्धी फेरी घेणार असाल तर दिशा बघा.
वेळापत्रक असं बांधलं आहे की जाताना रात्री गाठलेली बरीच बंदरं परतताना दिवसा लागतात. वेस्टेरोलेनची बेटं परतीच्या वाटेवर दिवसा येतात. स्तोकमार्कनेसला १९५६ ची जुनी ‘फिनमार्कन’ बोट काचेच्या इमारतीत जपली आहे, तीही तेव्हाच बघता येते. हिवाळ्यात हा फरक मोठा, कारण रात्रीचं बंदर म्हणजे नुसते दिवे. जूनमध्ये प्रश्नच नाही. पडदे ओढून झोपायचं आणि जाग येईल तेव्हा खिडकीतून बघायचं.

८. स्वालबार्ड हा वेगळा प्रवास आहे.
याच फेरीला जोडून उत्तरेच्या त्या बेटांवरही जाऊ, असं बरेच जण म्हणतात. तिथलं पंचांग निराळं. सूर्य २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही, पण बर्फामुळं मुख्य बेटाला बोटीनं पूर्ण वळसा घालणं जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जमण्यासारखं असतं. अस्वलांसाठी जाणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर दूर राहणं सक्तीचं आहे, आणि १ मार्च ते ३० जून हे अंतर ५०० मीटर. त्या काळात अस्वलं समुद्री बर्फावर शिकार करत असतात आणि माद्यांसोबत त्या वर्षीची पिल्लं असतात. चांगली दुर्बीण घेऊन जा.