तळघरातील कविता

म्हैसूर येथील एका घरात तीन भाषा एकत्र नांदत असत. माडीवर वडिलांची अभ्यासाची खोली होती. तेथे इंग्रजी चाले. खाली आईपाशी तामिळ, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की कानडी! या घरात १९२९ साली ए. के. रामानुजन यांचा जन्म झाला. थोर गणिती रामानुजन ते हे नव्हेत; मात्र यांचे वडील गणिताचेच प्राध्यापक होते.

रामानुजन यांनी बेळगाव, बडोदे येथे इंग्रजी शिकविले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला. १९५९ साली ते अमेरिकेस गेले आणि पुढे शिकागो विद्यापीठात अध्यापक झाले.

१९६२ मधील एका शनिवारी ते जुन्या तामिळचे व्याकरण शोधीत तेथील ग्रंथालयाच्या तळघरात शिरले. धुंडाळता धुंडाळता एक निराळेच पुस्तक हाती आले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तामिळ कवितांचा तो संग्रह होता. आईच्या भाषेतील हे धन आपल्याला ठाऊकच नव्हते, आणि ते भेटले कोठे, तर सातासमुद्रापलीकडे! त्यांनी ती प्राचीन भाषा कष्टाने आत्मसात केली. त्या कवितांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६७ साली प्रसिद्ध झाला.

हे काम सोपे नव्हते. ‘काल आलेल्या मामांनी दिलेल्या पुस्तकातील गोष्ट’ हे शब्द पाहा. इंग्रजीत सांगताना ‘गोष्ट’ आरंभी येते व ‘काल’ अगदी शेवटी जातो. तामिळची रचना मराठीसारखीच आहे. कवीने शेवटपर्यंत राखून ठेवलेले चित्र इंग्रजीत पहिल्याच ओळीत उघडे पडले, तर कवितेत काय उरले? म्हणून रामानुजन ओळी तोडीत, मागेपुढे सरकवीत, पुनःपुन्हा लिहीत. बसवण्णा, अक्कमहादेवी आदींच्या कानडी वचनांचा त्यांचा अनुवाद १९७३ साली निघाला. ते स्वतःही इंग्रजी व कानडी या दोन्ही भाषांतील कवी होते.

लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या कहाण्या त्यांच्या मनातून कधी गेल्या नाहीत. अनेक लोककथा त्यांनी जमविल्या. त्यांतील एक कानडी कथा अशी : एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असे; पण ती ते कोणासही सांगेना. कोंडून कंटाळलेली ती दोघे एके दिवशी ती झोपली असता निसटली. गोष्टीचे झाले जोडे आणि गाण्याचा झाला अंगरखा! नवरा घरी आला, तो दारात परक्याचे जोडे आणि खुंटीवर परक्याचा अंगरखा. मोठे भांडण झाले. रागावून तो मारुतीच्या देवळात निजावयास गेला. गावातील दिवे मालवले की त्यांच्या ज्योती तेथे गप्पांना जमत. त्यांच्या बोलण्यातून त्याला खरा प्रकार कळला. घरी परतून त्याने बायकोला तिची गोष्ट व गाणे विचारले. ती म्हणाली, ‘‘कोणती गोष्ट? कोणते गाणे?’’ तिला काहीच आठवेना.

१९९३ साली शिकागो येथे रामानुजन यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या व अनुवादिलेल्या कानडी कथांचे पुस्तक त्यानंतर चार वर्षांनी, १९९७ साली, वाचकांच्या हाती आले.