एक चाती, आठ चात्या

आपल्या शेवगाव तालुक्यात कपाशी पुष्कळ पिकते. पण कापसाचे सूत कसे होते, असे कुणी विचारले की आपण गप्प! कापसाचे तंतू ओढून लांब करायचे आणि त्यांना पीळ द्यायचा, की झाले सूत. आमच्या आजोबांना शाळेत सूतकताईचा तास असे. ते म्हणतात, "अरं, चरख्याला चाती एकच. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पेळू ओढायचा. तिसरा हात आणायचा कुठून?"

हीच अडचण इंग्लंडातही होती. तिथे १७३३ साली जॉन के याने माग भराभर चालवणारा धावता धोटा काढला. मग विणकरांना सूत पुरेना. लँकेशायर भागातल्या जेम्स हारग्रीव्हज या विणकराने १७६४ च्या सुमारास एका चौकटीत आठ चात्या ओळीने बसवल्या. त्या सगळ्या एकाच चाकावर फिरत. बोटांच्या चिमटीऐवजी एक सरकती दांडी आठही धागे धरून ओढी. म्हणजे माणूस एक आणि धागे आठ! या यंत्राला 'स्पिनिंग जेनी' म्हणतात.

पण सूत कातून पोट भरणाऱ्यांनी काय करायचे? १७६८ मध्ये लोकांनी त्याची यंत्रे मोडली आणि त्याला गाव सोडावे लागले. यंत्र मोडणे वाईटच. पण त्या लोकांची भीती काही खोटी नव्हती. पुढे १७६९ मध्ये आर्कराइटने रुळांनी तंतू ओढणारे यंत्र काढले. ते पाण्याच्या जोरावर चाले. मग गिरण्या आल्या. आपल्या मुंबईत कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. विलायती आणि गिरणीच्या सुतापुढे घरोघरचे चरखे बंद पडत गेले.

म्हणून १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्याला १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी भारी होत्या. किंमत १५० रुपयांच्या आत हवी, बाईमाणसाला घरी आठ तास न थकता चालवता यावा आणि तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावे. म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही यंत्र बनवून पाठवले. ते सर्व अटींत बसले नाही आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

नंतर तमिळनाडूच्या एकंबरनाथ यांनी अंबर चरखा तयार केला. तो हातानेच फिरवतात, चात्या मात्र अनेक. आणि गंमत म्हणजे तंतू ओढायला त्यात आर्कराइटसारखेच रूळ आहेत.