जुन्या घराचा भाव : एक अभ्यास

विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर अशा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत आधीच्या पिढीने लहान लहान घरे मिळवली. ती आज पुनर्विक्रीस निघतात तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "सध्या भाव काय चालला आहे?" कष्टकरी कुटुंबाची जन्माची कमाई या एका व्यवहारात गुंतलेली असते. म्हणून याचे उत्तर ऐकीव माहितीवर सोडून चालणार नाही.

१) सरासरीचा चकवा : लहान वसाहतीत वर्षाकाठी मोजकीच घरे विकली जातात. समजा, तीन घरे ५२, ५५ व ८५ लाखांना गेली. सरासरी ६४ लाख येते. परंतु त्या किमतीला एकही घर गेलेले नाही! ८५ लाखांचे घर कदाचित पुनर्विकास झालेल्या इमारतीतील असेल. अशा वेळी मधला आकडा, म्हणजे ५५ लाख, वस्तुस्थितीच्या अधिक जवळ असतो. दलाल सांगतो ती मागणी असते, झालेला सौदा नव्हे. नोंदलेली किंमत नोंदणी विभागाच्या 'सूची क्रमांक २' मध्ये पाहावी. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो बाजारभाव समजू नये.

२) क्षेत्रफळ : ४०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर ६० लाखांना असेल तर दर १५,००० रुपये पडतो. तेच घर '५२० फूट सुपर बिल्टअप' म्हणून सांगितले की दर सुमारे ११,५३८ रुपये दिसतो. घर तेच, पैसेही तेच! तुलना नेहमी चटई क्षेत्रावरच करावी.

३) पुनर्विकासाची आशा : "इमारत लवकरच पाडणार" म्हणून भाव वाढवला जातो. संस्थेचा ठराव, विकासकाशी नोंदणीकृत करार व परवानगी यांपैकी प्रत्यक्षात काय झाले आहे, ते कागदावर पाहावे. नुसत्या चर्चेची किंमत मोजू नये.

४) हाती किती रक्कम हवी? : मुंबईत ६० लाखांच्या घरास मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क ३,६०,००० रुपये होते. (रेडी रेकनरची किंमत जास्त असल्यास शुल्क तिच्यावर लागते.) नोंदणी फी ३०,००० आणि संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० धरल्यास एकूण ६४,१५,००० रुपये होतात. बँक घराच्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे फार तर ४८ लाख देईल. उरलेले १६,१५,००० रुपये स्वतःजवळ हवेत. दलाली वेगळीच. हा हिशेब न करता बयाणा दिल्यास तो बुडण्याची वेळ येते. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. येथे ६०,००० रुपये वाचतात.

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत सोडवावे आणि शेजारच्या काका-मावशींना सही करण्यापूर्वी समजावून सांगावे. शिक्षणाचा असा उपयोग घराघराला झाला पाहिजे.